ओकचे जुने फ्लोअर: घासून घ्यावे की नवे बसवावे?

सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीतील एडिसनहून आलेल्या तुमच्या पत्राचा गोषवारा आधी देतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. 1954 साली बांधलेले घर तुम्ही तीन वर्षांपूर्वी घेतलेत आणि यंदा जुने कार्पेट उचलल्यावर त्याखाली सव्वादोन इंची पट्ट्यांचे ओकचे फ्लोअर निघाले. ते दारांपाशी करडे पडले आहे, भिंतींच्या कडेने काळे डाग आहेत आणि डिशवॉशरजवळच्या पट्ट्यांच्या कडा किंचित वर आल्या आहेत. हे सुमारे 900 चौरस फूट फ्लोअर घासून नव्याने कोट देण्याचे दरपत्रक 5,400 डॉलरचे आहे. एका दुकानाने मात्र ‘जुन्यात आता लाकूड उरलेले नाही’ असे सांगून नवे इंजिनिअर्ड ओक (प्लायवूडवर ओकचा पातळ थर असलेले फ्लोअर) 14,400 डॉलरना, 18 महिने बिनव्याजी हप्त्यांनी देऊ केले आहे. तुमच्या यजमानांचा कल नव्याकडे आहे. बचत खात्यात 26,000 डॉलर आहेत, महिन्याचा खर्च 5,800 असून सारे भागून 1,200 उरतात. सासू-सासरे मे महिन्यात येऊन ऑक्टोबरच्या मध्याला परतणार आहेत आणि ते येण्याआधी काम उरकण्यासाठी नाशिकच्या बँकेतील एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीची) मुदत ठेव मोडावी का, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत असे की जुनेच फ्लोअर दुरुस्त करून घ्यावे आणि पैसे स्वतःच्या बचतीतून द्यावेत. मात्र हे काम आत्ता न करता ऑक्टोबरअखेर करावे. ठेव मोडण्याची गरज नाही.

दुकानदाराचे म्हणणे आधी तपासून घ्या, कारण सगळा निर्णय त्यावरच उभा आहे. त्या काळच्या घरांत बसवलेली ओकची पट्टी साधारणपणे पाऊण इंच, म्हणजे 19 मिलिमीटर जाड असते आणि पट्ट्या एकमेकींत अडकवणारी जीभ तिच्या पृष्ठभागापासून सुमारे पाव इंच खाली असते. हा वरचा पाव इंच म्हणजे तुमचे भांडवल आहे आणि प्रत्येक पूर्ण सँडिंग ही त्या मुद्दलातून काढलेली रक्कम आहे. चांगला कारागीर एका वेळी मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी लाकूड काढतो, त्यामुळे जे फ्लोअर आजवर एक-दोनदाच घासले गेले आहे त्यात अजून बरेच आयुष्य शिल्लक असते. खात्री करण्यासाठी हीटिंगची जमिनीतली एखादी जाळी उचला. तिच्या खाचेत पट्टीची कापलेली कड उघडी दिसते. तिथे जिभेच्या वरचे लाकूड मोजपट्टीने मोजा. ते तीन मिलिमीटरच्या वर असेल आणि पट्ट्यांच्या सांध्यांत खिळ्यांची डोकी दिसत नसतील, तर ‘लाकूड उरलेले नाही’ हे विधान चुकीचे आहे असे खुशाल समजा.

मुद्दल जपायचे तर सगळीकडे सारखेच घासण्याचीही गरज नसते. प्रत्येक खोलीत फ्लोअरवर पाण्याचा एक थेंब टाकून काही मिनिटे पाहा. थेंब गोल राहिला तर लाकडावरचा पॉलिशचा थर शाबूत आहे; तो मुरून लाकूड काळपट झाले तर थर संपला आहे. कपाटाखाली, पलंगाखाली थर बहुधा शाबूत सापडतो, आणि एखादी पूर्ण खोलीच तशी निघाली तर तिथे जुना थर हलका खरवडून वर एक नवा कोट देणे पुरते. त्याचा खर्च पूर्ण सँडिंगच्या निम्म्याहूनही कमी येतो. अट एवढीच की पूर्वी कोणी मेण किंवा चकाकी आणणारे तेलकट द्रव लावलेले नसावे, कारण त्यावर पॉलियुरेथेन, म्हणजे नव्या कोटचे द्रव, धरत नाही, सोलून निघते. कडेच्या काळ्या डागांची काळजी करू नका. कार्पेट अडकवण्याच्या पट्टीतील लोखंडी खिळे, ओल आणि ओकमधले टॅनिन एकत्र आले की असा निळसर काळा डाग पडतो. तो ऑक्झॅलिक ॲसिडने बऱ्याच अंशी जातो आणि जिथे जात नाही तिथली पट्टी बदलता येते.

डिशवॉशरजवळच्या वर आलेल्या कडा मात्र मला खरोखर चिंतेच्या वाटतात. पट्टीच्या कडा वर येऊन मध्य खोलगट होणे म्हणजे खालून ओल येत आहे. ती ओल थांबवण्याआधी फ्लोअर घासले, तर उंचावलेल्या कडा कापल्या जातात आणि पुढे लाकूड वाळल्यावर पट्टीचा मध्य फुगलेला राहतो; मग तुमचे पैसेही गेले आणि लाकूडही गेले. म्हणून आधी प्लंबर बोलवा, गळती बंद करा, आणि पट्टी व तिच्या खालचे प्लायवूड किंवा फळ्या यांच्या ओलाव्यातील फरक मीटरवर चार टक्के अंकांच्या आत आल्याशिवाय सँडिंगला हात लावू देऊ नका. त्याच वेळी घराच्या विम्याची पॉलिसीही काढून वाचा. नळी अचानक फुटून झालेले नुकसान बहुतेक पॉलिसींत धरले जाते, महिनोन्महिने झिरपत राहिलेले पाणी सहसा धरले जात नाही. त्यामुळे कळवायचे असेल तर लगेच कळवा.

आता पैशांकडे येतो. 5,400 डॉलर हा पूर्ण खर्च नाही. पट्ट्या बदलण्यासाठी 600 आणि काम चालू असताना चार-पाच दिवस बाहेर राहणे व सामान हलवणे यासाठी 900 धरले, तर आकडा 6,900 होतो. आज तेवढे काढले तर हाताशी 19,100 उरतील, म्हणजे जेमतेम सव्वातीन महिन्यांचा खर्च. इतर कुटुंबाला मी कदाचित ‘चालेल’ म्हटले असते. परंतु तुमच्या घरातील मुख्य पगार एच-1बी व्हिसावर अवलंबून आहे आणि नोकरी गेल्यास नवी शोधायला कमाल 60 दिवसांचीच सवलत मिळते. त्यानंतर वकिलाची फी, विमानाची तिकिटे आणि दोन्हीकडचे घरखर्च एकाच वेळी अंगावर येऊ शकतात. तुम्ही चार महिन्यांचा खर्च, म्हणजे 23,200 डॉलर, कोणत्याही कारणाने मोडू नये. ऑक्टोबरअखेरपर्यंतच्या सहा महिन्यांत 7,200 शिल्लक पडतील. त्यातून सासू-सासऱ्यांचा प्रवासी विमा आणि फिरणे यासाठी 2,000 वजा केले तरी बचत 31,200 होईल आणि फ्लोअरचे पैसे देऊन 24,300 उरतील. लाकडालाही हाच काळ मानवतो. न्यू जर्सीचा दमट उन्हाळा संपलेला असतो, हीटिंगने हवा फार कोरडी झालेली नसते आणि खिडक्या उघड्या ठेवता येतात.

दुकानाची योजना नीट वाचा. अशा अनेक योजनांत व्याज माफ नसते, ते फक्त लांबणीवर टाकलेले असते. 18 महिन्यांत पूर्ण फेडण्यासाठी महिना 800 लागतील आणि तुमच्या 1,200 च्या शिलकीतून 400 च हाताशी राहतील. त्याऐवजी 770 चा हप्ता भरला, तर मुदतीअखेर अवघे 540 बाकी राहतात, पण अशा अटीत व्याज पहिल्या दिवसापासून मोजले जाते; 28 टक्के दराने ते तीन हजार डॉलरच्या आसपास जाते. हप्त्यांसाठी 401(के) मधील, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती-बचत योजनेतील, वर्गणी कमी करण्याचा विचार यजमानांनी कृपया सोडून द्यावा, कारण तुमच्या वर्गणीवर कंपनी स्वतःची जेवढी भर घालते तेवढी तरी पूर्ण घेणे हा पगाराचाच भाग आहे.

एनआरई ठेवीला मुदतपूर्तीस चार महिने आहेत. आता मोडल्यास बँक बहुधा कमी दर लावेल. तुम्ही ती सासूबाईंच्या उपचारांसाठी ठेवली आहे असे लिहिले आहे, आणि तो हेतू फ्लोअरपेक्षा मोठा आहे. जाता जाता एक विचारतो: हे व्याज भारतात करमुक्त असले तरी अमेरिकेत करपात्र आहे, आणि परदेशांतील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. तो भरता ना?

सहा-सात वर्षांत घर विकायचे आहे, म्हणून नव्या फ्लोअरने भाव चांगला येईल हा यजमानांचा मुद्दा उरतो. अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सच्या 2022 च्या अहवालात जुने लाकडी फ्लोअर नव्यासारखे करण्याचा खर्च 147 टक्के, तर नवे लाकडी फ्लोअर बसवण्याचा खर्च 118 टक्के वसूल होतो असा अंदाज दिला आहे. हे दलालांचे देशपातळीवरील अंदाज आहेत, त्यावर घराचा भाव ठरवू नका. पण दोन्हींतील तुलना जुन्याच्याच बाजूने आहे. घर विकताना होणाऱ्या नफ्यावरील कर वाचवण्यासाठीही नवे घेण्याचे कारण नाही, कारण दोघांच्या एकत्रित विवरणपत्रात, पाचपैकी दोन वर्षे त्या घरात राहिलेले असल्यास, 5 लाख डॉलरपर्यंतचा नफा करातून सुटतो.

कंत्राटदार न्यू जर्सीत नोंदणीकृत आहे का ते पाहा; 500 डॉलरवरील कामाचा करार तिथे लेखी असावाच लागतो. सँडिंगच्या पायऱ्या, कोट किती आणि कोणते, फ्रिज कोण हलवणार, हे त्यात लिहून घ्या आणि एक तृतीयांशाहून जास्त आगाऊ देऊ नका. तुमचे धाकटे मूल दोन वर्षांचे आहे, म्हणून शिशाची चाचणी टाळू नका. 1978 पूर्वीच्या घरांत रंगातच नव्हे, जुन्या वार्निशातही शिसे असू शकते आणि सँडिंगची धूळ घरभर पसरते. ईपीएचे (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे) लेड-सेफ प्रमाणपत्र असलेलाच माणूस घ्या, तो थोडा महाग पडला तरी. यंत्र भाड्याने आणून स्वतः घासण्याचा यजमानांचा विचारही याच कारणाने मला मान्य नाही.

तोवर बादलीभर पाण्याने पुसणे आणि स्टीम मॉप दोन्ही बंद ठेवा. सासूबाईंना हे आधीच समजावून सांगा, कारण आपल्याकडच्या लादीला जे चालते ते उघड्या पडलेल्या ओकला चालत नाही. कोरडा झाडू, किंचित ओलसर कापड आणि खुर्च्यांच्या पायांना फेल्ट एवढे पुरे.

जाळीच्या खाचेतले माप दोन मिलिमीटरच्या खाली निघाले, तर माझा सल्ला बदलेल. तसे झाल्यास दुकानाशी करार करण्याआधी ते माप मला कळवा. त्या स्थितीतही 14,400 चे काम एकदम न काढता खोल्या वाटून दोन वर्षांत करता येईल.