पायइन्स्टॉलरच्या एक्झीला आत घातलेली फाइल का सापडत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मंडळासाठी तुम्ही टीकेइंटरमध्ये (पायथनच्या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीत) देणगी-पावत्यांचा प्रोग्राम लिहिला आणि पायइन्स्टॉलरने (पायथन प्रोग्रामची विंडोजवर थेट चालणारी फाइल, म्हणजे एक्झी, करून देणाऱ्या साधनाने) त्याची वन-फाइल, म्हणजे सगळं एकाच फाइलमध्ये असलेली, एक्झी केली. लोगो आणि पावतीचा मराठी-गुजराती मजकूर ठेवलेलं ॲसेट्स फोल्डर पायइन्स्टॉलरच्या कमांडला ॲड-डेटा हा पर्याय देऊन आत घातलं. तुमच्या मशीनवर सगळं नीट चालतं, मंडळाच्या कॉम्प्युटरवर मात्र फाइल सापडत नाही म्हणून प्रोग्राम बंद पडतो.

फाइल बहुधा आत गेलेली आहे. प्रोग्राम तिला भलत्याच जागी शोधतोय.

ॲसेट्स, मग स्लॅश, मग फाइलचं नाव असा अर्धा पत्ता दिला की तो चालू फोल्डरपासून मोजला जातो. चालू फोल्डर कोणतं हे प्रोग्राम कसा सुरू केला त्यावर ठरतं. तुम्ही प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून डिस्टमधली (पायइन्स्टॉलर तयार एक्झी ठेवतो त्या फोल्डरमधली) एक्झी चालवत असाल, तर ती प्रोजेक्टमधलंच ॲसेट्स फोल्डर वाचते, पॅकेजमधलं नाही. त्यामुळे तुमच्याकडे चूक दिसतच नाही. मंडळात शॉर्टकटवरून उघडलं की त्या शॉर्टकटच्या 'स्टार्ट इन'मध्ये जे लिहिलं असेल ते चालू फोल्डर होतं, आणि तिथे ॲसेट्स नाही.

वन-फाइलमध्ये प्रत्यक्षात काय घडतं ते बघा. एक्झी सुरू झाली की बूटलोडर (एक्झीतला आधी चालणारा छोटा प्रोग्राम) युजरच्या टेम्प फोल्डरमध्ये 'मेइ' आणि पुढे आकडे अशा नावाचं नवं फोल्डर करतो, आतलं सगळं सामान तिथे उघडतो आणि प्रोग्राम नीट बंद झाला की ते पुसून टाकतो. त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता सिस मॉड्यूलमध्ये मेइपास या नावाने मिळतो (नावाच्या सुरुवातीला एक अंडरस्कोर, अक्षरं सगळी कॅपिटल). पण साध्या पायथनने स्क्रिप्ट चालवली तर हे नाव अस्तित्वातच नसतं, म्हणून ते वापरायचं तर पायथनच्या गेटॲट्र फंक्शनने, नसल्यास काय घ्यायचं ते सांगून वापरा.

मी स्वतः मेइपासच्या वाटेला जात नाही. पाथलिब या मॉड्यूलमधल्या पाथला डंडर फाइल (दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेलं 'फाइल' हे नाव, त्यात त्या कोड फाइलचा स्वतःचा पत्ता असतो) द्या, रिझॉल्व्ह करा, पॅरेंट घ्या आणि त्याला ॲसेट्स जोडा. ही एक ओळ स्क्रिप्ट म्हणूनही चालते आणि पॅकेजमध्येही, कारण पायइन्स्टॉलर आतल्या मॉड्यूलची डंडर फाइल उघडलेल्या फोल्डरप्रमाणेच लावून देतो. अट एकच: कोडच्या शेजारी ॲसेट्स जसं आहे तसंच ते पॅकेजमध्येही बसलं पाहिजे. ही ओळ एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि प्रत्येक फाइल त्यातूनच मागा.

ॲड-डेटामध्ये डावीकडे मूळ जागा, उजवीकडे मुक्कामाचं फोल्डर. उजवीकडे फाइलचं नाव लिहिलंत तर त्या नावाचं फोल्डर तयार होतं आणि फाइल त्याच्या पोटात जाते. ही चूक फार जणांकडून होते. दोन्हींच्या मध्ये पायइन्स्टॉलरच्या आवृत्ती 6 पासून विंडोजवरही कोलन चालतो, त्याआधी तिथे सेमीकोलन लागायचा. आणि एकदा स्पेक फाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल, ती पायइन्स्टॉलरच लिहितो) तयार झाली की पुढचे बदल तिच्यातल्या डेटाज यादीत करून बिल्डही तिच्यावरूनच करा. पुन्हा स्क्रिप्टचं नाव देऊन कमांड चालवली तर स्पेक नव्याने लिहिली जाते आणि हाताने केलेलं सगळं जातं.

पायइन्स्टॉलरचा आयकॉन हा पर्याय फक्त एक्झीला चित्र लावतो. खिडकीच्या कोपऱ्यातला आयकॉन हवा असेल तर ती फाइलही डेटा म्हणून आत घालावी लागते.

फाइल आत गेली की नाही याचा अंदाज बांधत बसू नका. आधी वन-डिर बिल्ड करा (एका फाइलऐवजी एक फोल्डर बनतं), तेही कन्सोलसकट, म्हणजे चुका दाखवणाऱ्या काळ्या खिडकीसकट. आवृत्ती 6 पासून सगळं सामान एक्झीशेजारच्या 'इंटर्नल' नावाच्या फोल्डरमध्ये जातं (याही नावाच्या सुरुवातीला अंडरस्कोर आहे). ते उघडून डोळ्यांनी बघा. विंडोड, म्हणजे कन्सोल नसलेल्या, बिल्डमध्ये टीकेइंटरच्या बटणामागे झालेली चूक कुठेच दिसत नाही, म्हणून कन्सोल शेवटीच काढा. खरं तर मंडळाला देतानाही वन-डिरच द्या आणि इनो सेटअप या प्रोग्रामने त्याचा इन्स्टॉलर करा. वन-फाइल प्रत्येक वेळी सगळं नव्याने उघडत असल्यामुळे जुन्या मशीनवर सुरू व्हायला वेळ खाते.

पत्ता दुरुस्त झाल्यावर पुढची अडचण मजकुराच्या फाइलची येईल, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. फाइल उघडणाऱ्या ओपन फंक्शनला एन्कोडिंग दिलं नाही तर विंडोजवर सध्याचं पायथन सिस्टमचं कोडपेज (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता) वापरतं, आणि ते बहुतेक ठिकाणी 1252 असतं. देवनागरीचं हलन्त चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइटचं आहे: ई0, ए5, 8डी. गुजरातीचं ई0, एबी, 8डी. शेवटचा 8डी हा बाइट 1252 मध्ये रिकामा आहे. त्यामुळे असा रिकामा बाइट नसलेली फाइल नुसती अगम्य अक्षरं दाखवते, पण 'श्री' किंवा 'प्राप्त' आलं की 'चारमॅप' अशी तक्रार करून वाचन थांबतं. पावतीची सुरुवातच 'श्री'ने होते, तेव्हा हे टळणार नाही. प्रत्येक ओपनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-8 असं स्पष्ट लिहा. फाइल नोटपॅडमधून बॉमसकट (सुरुवातीला एन्कोडिंगची अदृश्य खूण घालून) सेव्ह झाली असेल तर यूटीएफ-8-सिग.

पावती क्रमांकाची एसक्यूलाइट फाइलही (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) ॲसेट्समध्ये ठेवली असेल तर ती तिथून आजच हलवा. वन-फाइलमध्ये तिच्यात लिहिलेलं सगळं प्रोग्राम बंद होताच टेम्पबरोबर पुसलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी पावतीपुस्तक पुन्हा एकपासून सुरू होतं. वन-डिर प्रोग्राम फाइल्समध्ये बसवलं तर साध्या युजरला तिथे लिहायची परवानगीच नसते. पॅकेजमधली प्रत फक्त कोरा नमुना समजा. प्रोग्राम सुरू होताना लोकल ॲपडेटामध्ये (विंडोजमधल्या प्रत्येक युजरच्या स्वतःच्या डेटा फोल्डरमध्ये) तुमच्या प्रोग्रामच्या नावाचं फोल्डर आहे का ते बघा, नसेल तर करा आणि नमुना तिथे कॉपी करा, पण तिथे आधीची फाइल नसेल तरच. ही तपासणी विसरलात तर दर वेळी कोरी फाइल जुन्या हिशोबावर बसेल.

सगळं झाल्यावरही लोगोची जागा रिकामी दिसली आणि चूक काहीच आली नाही, तर तो पत्त्याचा दोष नाही. टीकेइंटरची फोटोइमेज (लोगोचं चित्र धरणारी वस्तू) फंक्शनमधल्या लोकल नावात ठेवली असेल तर फंक्शन संपताच पायथन ती टाकून देतो. ती लेबलच्याच एखाद्या ॲट्रिब्यूटमध्ये धरून ठेवा.

बिल्ड झाल्यावर, मंडळात नेण्याआधी प्रोजेक्टमधल्या ॲसेट्स फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला, बिल्ड दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा आणि 'स्टार्ट इन' वेगळ्याच फोल्डरवर ठेवलेल्या शॉर्टकटवरून उघडा. एक पावती छापा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा आणि पुढचा क्रमांक बरोबर येतो का ते पाहा.