सांगलीतल्या सहकारी बँकेत क्लार्कची मुलाखत आहे, तयारी कशी करू?

बी.कॉम. झालंय आणि मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे म्हणताय, म्हणजे वेळ पुरेसा आहे. 'स्वतःबद्दल सांगा' घोकण्यापेक्षा काउंटरवरचं काम समजून घ्या.

समजा एखाद्या आजींनी विचारलं, "बाळ, माझी ठेव बुडणार नाही ना?" नुसतं "काळजी करू नका" म्हणून भागणार नाही. एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा आहे, २०२० च्या आधी तो १ लाखच होता. हे त्यांना कळेल अशा साध्या मराठीत सांगून बघा, घरी कुणाला तरी समोर बसवून. माझ्या मते निम्मी तयारी यातच होते. बाकी, चेक ३ महिन्यांत वटवावा लागतो, आरटीजीएस (मोठी रक्कम लगेच दुसऱ्या बँकेत पाठवायची सोय) किमान २ लाखांचं, केवायसीला (ग्राहकाची ओळख-पत्ता तपासायला) काय लागतं, एवढं पक्कं असू द्या.

आपल्याकडचं कर्ज हळद, बेदाण्याभोवती फिरतं. भाव पडलेला असताना शेतकऱ्याला माल विकावा लागू नये म्हणून कोल्ड स्टोरेजमधल्या बेदाण्यावर तारण कर्ज मिळतं, हे माहीत हवं.

मूळ कागदपत्रं आदल्या रात्रीच फाईलला लावा. आणि जिल्ह्यातल्या जत, आटपाडीसारख्या लांबच्या तालुक्यांतल्या शाखेत जायची तयारी असेल तर विचारायची वाट न बघता सांगून टाका.