स्वालबार्डला प्रथमच जाताना : ध्रुवीय अस्वलापासून संरक्षण

स्वालबार्ड या आर्क्टिकमधील नॉर्वेच्या द्वीपसमूहावर जाताना ध्रुवीय अस्वलापासून बचावासाठी न्यायच्या रायफलीबद्दल तुम्ही विचारले आहे, पण सुरुवात अस्वलाला दुरूनच हुसकावणाऱ्या साधनापासून करा. स्वालबार्डमध्ये वस्तीबाहेर पडताना असे साधन जवळ बाळगणे बंधनकारक आहे आणि फ्लेअर पिस्तूल (प्रखर उजेड व आवाज करत फुटणारे काडतूस, म्हणजे फ्लेअर, उडवणारे पिस्तूल) त्यासाठी उत्तम. नवख्यांच्या हातून घाईत उडवलेला फ्लेअर अनेकदा अस्वलाच्या मागे जाऊन फुटतो आणि बिचकलेले जनावर आपल्याच दिशेने धावू शकते; म्हणून तो नेहमी तुम्ही आणि अस्वल यांच्या मधोमध पडेल असाच नेम धरा.

रायफल हा शेवटचा उपाय. ती किमान .३०८ कॅलिबरची (कॅलिबर म्हणजे गोळीचा व्यास, इथे इंचात) असावी. ती भाड्यानेही मिळते, परंतु परवानगी आधीच काढावी लागते. हातमोजे घालून ती चालवण्याचा सराव नसेल, तर सशस्त्र वाटाड्याबरोबरच जा. त्यात कमीपणा मुळीच नाही.

तंबू किनाऱ्यालगत ठोकू नका, कारण अस्वलांचा वावर तिथेच अधिक असतो. अन्न तंबूत ठेवू नका, भोवती इशारा देणारी तार बांधा आणि तरीही झोपेच्या वेळी आळीपाळीने पहारा द्याच. हे प्राणी तेथे १९७३ पासून संरक्षित आहेत. अस्वल दूर दिसले, तर छायाचित्रासाठी पुढे न सरकता शांतपणे माघारी फिरा.