चौघा मित्रांना तालुक्यासाठी रेडिओ केंद्र काढता येईल का?

तुम्ही चौघांनी मिळून तालुक्यापुरतं एफएम केंद्र काढायचं ठरवलंय आणि लायसन्स कोणाच्या नावावर मिळेल, असं विचारलंय. चौघांच्या नावावर मिळणार नाही. असं छोटं, त्या भागातल्या लोकांनी लोकांसाठी चालवलेलं केंद्र म्हणजे सामुदायिक रेडिओ, आणि त्याची परवानगी व्यक्तीला किंवा राजकीय पक्षाला देत नाहीत. शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र किंवा निदान तीन वर्षं जुनी नोंदणीकृत सेवाभावी संस्था लागते. आज नवी संस्था काढलीत तर तीन वर्षं थांबाल. त्यापेक्षा तालुक्यात आधीपासून काम असलेली, लोकांचा विश्वास बसलेली संस्था गाठा. खासगी एफएमला लिलावात उतरावं लागतं, ते आपलं काम नव्हे.

रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितलं. तरी 2006 पर्यंत हे दार फक्त शिक्षणसंस्थांसाठी उघडं होतं. नंतर म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, जत तालुक्यातल्या जालिहाळची येरळावाणी अशी केंद्रं उभी राहिली. या दोन्ही ठिकाणी जाऊन दोन दिवस बसाच.

अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या पोर्टलवर होतो. फाइल गृह आणि संरक्षण खात्यांकडेही फिरते. इरादापत्र, म्हणजे परवानगी द्यायचा इरादा आहे असं मंत्रालयाचं पत्र, हातात आलं म्हणजे लायसन्स आलं, असं समजू नका. फ्रिक्वेन्सी आणि टॉवरच्या जागेची मंजुरी दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाकडून घ्यावी लागते, आणि घोडं अडतं ते इथे. आमच्या संस्थेच्या अर्जात जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवरून दशांशात उतरवले होते आणि अंश-मिनिट-सेकंदात बदलताना मिनिटांच्या रकान्यात दशांशाचेच आकडे पडले. कागदावर आमचा टॉवर धरणाच्या पाण्यात उभा राहिला. ती एक ओळ दुरुस्त होईपर्यंत पावसाळा गेला. म्हणून जागेवर उभं राहून जीपीएसचं रीडिंग घ्या आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या.

टॉवर 30 मीटरपर्यंत, प्रसारणशक्ती साधारण 100 वॉट. सपाटीवर दहा-बारा किलोमीटर चांगलं ऐकू येतं. मध्ये डोंगर आला की पलीकडची वाडी सुटते. टेकडी बघताना तिथे लाइट आहे का, एवढं आधी पाहा.

स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या मात्र जशाच्या तशा लावता येतात. हा नियम मला आजही मान्य नाही. ज्या गावात पेपर दुपारी पोहोचतो, तिथल्या ग्रामसभेत काय ठरलं हे गावच्याच रेडिओने का सांगू नये? हवामान, पाणीपुरवठा, नोकरभरती, पुराचा इशारा हे सगळं चालतं, आणि त्याचा लोकांना मोठा आधार होतो.

जाहिरातींना तासाला 12 मिनिटांची मुभा आहे, पण तेवढी कधी भरत नाहीत. पगार, वीजबिल, ट्रान्समीटरची दुरुस्ती यांसाठी दोन वर्षांची तजवीज हाताशी ठेवा.

निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांनी केलेले लागतात. मंजुरीची वाट पाहत बसू नका, आजच रेकॉर्डर घेऊन निघा. आमच्याकडे पहिलं रेकॉर्डिंग झालं एका आजींच्या ओव्यांचं. जातं थांबवून गा म्हटलं तर त्यांना ओवीच आठवेना. शेवटी मूठभर ज्वारी टाकून जातं फिरवलं, आणि सलग 23 ओव्या निघाल्या. लायसन्स मिळालं तेव्हा अशा ध्वनिफितींचे साठ तास आमच्याकडे तयार होते.

संस्थेच्या नोंदणीची तारीख आणि टॉवरसाठी मनात असलेली जागा कळवा. अर्ज पाठवण्याआधी मी एकदा नजरेखालून घालतो.