‘अँडॉर’मधल्या ल्युथनला नायक म्हणायचं की खलनायक? शेवटी त्याच्यामुळेच बंडाला यश आलं, मग त्याने केलेले खून माफ का?

(खाली दोन्ही सीझनचा शेवट फोडलाय. बघायची असेल तर आधी बघून या.)

माझ्या मते माफ नाहीत. तुम्ही विचारताय त्यात एक हिशेब गृहीत धरलाय: शेवटी डेथ स्टारची, म्हणजे साम्राज्याच्या ग्रह उडवणाऱ्या महाअस्त्राची, माहिती बंडखोरांच्या हाती लागली, म्हणजे आधीची सगळी देणी त्यात वळती झाली. मालिका हा हिशेब मांडूच देत नाही, आणि म्हणून ती मला ‘स्टार वॉर्स’च्या बाकी पसाऱ्यापेक्षा मोठी वाटते.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टोनी गिलरॉयची ही मालिका, २०२२ आणि २०२५ असे दोन सीझन, मिळून २४ भाग. २०१६ च्या ‘रोग वन’ सिनेमाच्या आधीच्या पाच वर्षांची कथा. प्रकाशाच्या तलवारी नाहीत, जेडाय नाहीत. साम्राज्याविरुद्ध बंड उभं करायला लागणारा पैसा, निरोप, माणसं आणि खोटेपणा, एवढंच आहे. ल्युथन वरकरणी राजधानीत जुन्या दुर्मीळ वस्तूंचं दुकान चालवतो, गिऱ्हाइकांसमोर विग घालून लाडिक हसतो. आतून तो या सगळ्याचा सूत्रधार.

तुमच्या प्रश्नाचं मूळ पहिल्या सीझनच्या दहाव्या भागात आहे. लॉनी हा साम्राज्याच्या गुप्तहेर खात्यात ल्युथनने पेरलेला माणूस. शहराच्या तळाशी, अंधाऱ्या जागी दोघं भेटतात. लॉनीला नुकतीच मुलगी झालीय, त्याला यातून बाहेर पडायचंय. जाता जाता तो एक बातमी देतो: क्रीगर नावाचा बंडखोर म्होरक्या एका वीजकेंद्रावर हल्ला करणार आहे, खात्याला ते आधीच कळलंय आणि सापळा लागलाय. क्रीगरला सावध करायचं म्हणजे आत फितूर आहे हे उघड करायचं. ल्युथन ठरवतो की क्रीगरला जाऊ द्यायचं. त्याच्यासोबत तीस माणसं. लॉनी हादरतो आणि विचारतो, तुम्ही स्वतः काय गमावलंय?

त्यावर ल्युथनचं ते स्वगत येतं, जे रील्सवर सगळ्यांनी बघितलंय. शांती गेली, माया गेली, प्रेम गेलं, जी पहाट मी बघणार नाही तिच्यासाठी जळतोय, वगैरे. स्टेलान स्कार्सगार्डने ते असं म्हटलंय की अंगावर काटा येतो. पण पुन्हा नीट ऐका. प्रश्न निघाला तीस माणसांवरून, उत्तर आलं स्वतःबद्दल. जे मरणार आहेत त्यांचं त्यात नाव नाही. आणि या भाषणाचा परिणाम काय, तर लॉनी मुकाट्याने नोकरीवर परत जातो. ल्युथन खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. प्रत्येक शब्द खरा असेल. पण खरं दुःखसुद्धा माणूस कामाला लावू शकतो, आणि ल्युथन तर काहीच वाया जाऊ देत नाही.

इथे मला द्रोणपर्व आठवतं. घटोत्कच पडतो, पांडव रडत असतात आणि कृष्ण आनंदाने नाचतो. अर्जुन चिडतो, तेव्हा कृष्ण सांगतो की कर्णाची ती एकदाच वापरता येणारी शक्ती खर्ची पडली, आता तू वाचलास. घटोत्कचाला कर्णासमोर धाडायची योजनाही त्याचीच. लहानपणी कीर्तनात हे ऐकताना कोणी घटोत्कचाच्या बाजूने प्रश्न विचारल्याचं आठवत नाही. ‘अँडॉर’ तो विचारते. निदान कृष्णाने अर्जुनाला तोंडावर तरी सांगितलं. ल्युथन ही गोष्ट सॉ गरेरा या दुसऱ्या बंडखोर म्होरक्याला सांगतो ती नाइलाज म्हणून, कारण सॉ ऐनवेळी क्रीगरला मदत करायला निघालेला असतो. सगळ्यांत माथेफिरू म्हणून गाजलेला सॉ ते ऐकून क्षणभर गार पडतो. मग तोही मान डोलावतो. मला तो होकार स्वगतापेक्षा भयंकर वाटला.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. आपल्या घरावर तुळशीपत्र ठेवलं म्हणून शेजाऱ्याच्या घरावर ठेवायचा अधिकार मिळतो का? ल्युथनला वाटतं मिळतो. मला नाही वाटत.

याच दहाव्या भागात, याच वेळी, किनो लॉय आहे. समुद्रात उभ्या असलेल्या तुरुंगातला मुकादम, स्वतःही कैदीच. आपली शिक्षा भरून सुटायचं या आशेवर बाकीच्यांना कामाला जुंपणारा. सुटका कोणाचीच होत नाही हे कळल्यावर तोच ध्वनिक्षेपकावरून सगळ्या मजल्यांना उठवतो. हजारो माणसं धावत काठाशी येतात आणि खाली पाण्यात उड्या टाकतात. किनो काठावर थांबतो. मालिकेचा नायक कॅसियन अँडॉर, तोही इथे कैदी, विचारतो, काय झालं? तो म्हणतो, मला पोहता येत नाही. पुढे काही बोलणं व्हायच्या आत गर्दीच्या रेट्याने कॅसियन खाली पडतो आणि किनोचं काय झालं ते मालिका कधीच दाखवत नाही. त्यावर भाषण नाही, पार्श्वसंगीताचा उमाळा नाही. तुरुंगाच्या चहूबाजूंनी पाणी आहे हे काय त्याला आधी माहीत नव्हतं? एकाच भागात दोन त्याग शेजारी ठेवलेत. एकजण स्वतःच्या त्यागावर बोलतो आणि दुसऱ्यांना मरू देतो. दुसरा दुसऱ्यांना सोडवतो आणि स्वतःबद्दल एक वाक्य बोलतो, तेही विचारलं म्हणून.

आता माझी कसोटी जिथे अडखळते ते पात्र. सिनेटर मॉन मॉथमा. माझं पोट ऑडिटवर चालतं, म्हणून असेल, पण मालिकेत मला सगळ्यांत जास्त घाम फोडला तो हिच्या हिशेबाने. घराण्याच्या धर्मादाय निधीतून ती बंडाला पैसा पुरवते. चार लाख क्रेडिट्सचा खड्डा पडलाय आणि साम्राज्याने बँकांवरची नजर कडक केलीय. ती कडक का झाली, तर ल्युथननेच आल्धानी ग्रहावर साम्राज्याच्या पगाराच्या तिजोरीवर घडवून आणलेल्या दरोड्यामुळे. (हा दरोडा बेतताना १९०७ सालची तिफ्लिसची बँक लूट डोळ्यांसमोर होती असं गिलरॉयने सांगितलंय. बोल्शेविकांसाठी पैसा उभा करायला केलेली ती लूट, आणि त्यात तरुण स्टालिनचा हात.) दरोड्यानंतर मॉन त्याला म्हणते, लोकांना भोगावं लागेल. तो म्हणतो, तीच तर योजना आहे. साम्राज्याने आवळावं, म्हणजे लोक उठतील. त्या आवळण्यात कॅसियन काहीही न करता सहा वर्षांची शिक्षा खातो आणि मॉन स्वतःच्या खातेवहीत अडकते. योजना आपल्याच माणसांवर उलटते, आणि ल्युथनला त्याचं फारसं काही वाटत नाही.

तर खड्डा बुजवायचा कसा? बालमित्र आणि बँकर टे कोल्मा एक माणूस आणतो, डाव्हो स्कल्डन. पैशाने गब्बर, नावाने बदनाम. तो फी मागत नाही. आपल्या मुलाची आणि मॉनच्या मुलीची, लीडाची, ओळख करून द्या म्हणतो. त्यांच्या ग्रहावर कोवळ्या वयात लग्नं ठरवायची रीत आहे. मॉनचं स्वतःचं लग्न पंधराव्या वर्षी झालं आणि ती त्याने आयुष्यभर पोळलीय. ती त्याला ठाम सांगते, मी याचा विचारही करणार नाही. तो उठता उठता म्हणतो, आज तुम्ही बोललेली ही पहिलीच खोटी गोष्ट. सीझन संपेतो ओळख झालेली असते. शिवाय गाडीत, ड्रायव्हर गुप्तहेर आहे हे ओळखून, ती नवऱ्यावर जुगाराचा आळ घेऊन भांडते, म्हणजे पैसे कुठे गेले याला एक सोयीचं उत्तर खात्यापर्यंत पोहोचावं. नवऱ्याची अब्रू, मुलीचं आयुष्य, दोन्ही जमेच्या बाजूला लिहून टाकलं. खतावणी जुळली.

पण गंमत अशी की लीडाला लग्न हवंच आहे. आई नाकारते त्या जुन्या रीतींचं तिला भलतंच आकर्षण. लग्नाच्या ऐन वेळी मॉन तिला सांगते, तुला नको असेल तर आत्ता मागे फिरता येईल. मुलगी आईकडे बघते आणि म्हणते, तू प्यायलेली असतीस तर बरं झालं असतं. विचारलं, होकार मिळाला, माझ्या कसोटीला उतरलं. तरी माझं समाधान होत नाही, कारण विचारलं ते सौदा पक्का झाल्यावर, आणि सौद्यामागचं खरं कारण मुलीला कधीच कळलं नाही. अर्धवट माहितीवर घेतलेल्या सहीला आम्ही ऑडिटमध्ये सही मानत नाही.

त्याच लग्नात टे कोल्माचा निकाल लागतो. त्याचा धंदा बुडालाय, बायको सोडून गेलीय, आणि तो आडून आडून पैशाबद्दल बोलायला लागलाय. मॉन म्हणते, त्याला काय हवं ते मी बघते. ल्युथन तिला सुचवतो की असा माणूस जन्मभराचा धोका असतो. ती म्हणते, तुम्ही काय म्हणताय ते मला कळत नाही. ल्युथन म्हणतो, किती बरं आहे तुमचं. मग टे गाडीत बसतो, चालवायला ल्युथनची मारेकरी सिंटा असते, आणि मॉन हे बघते. बघून आत जाते, पिते, आणि भान हरपेपर्यंत नाचते. नाचही मी तिच्याच खात्यात लिहीन. तिने थांबवलं नाही, एवढं पुरे. टेने अजून काही सांगितलंही नव्हतं. क्रीगरच्या बाबतीत निदान लढाईतली निवड होती, इथे नुसती शंका. ल्युथनच्या सगळ्या कृत्यांत मला हे सर्वांत कमी पटतं, आणि मॉनचं मौन त्याहून कमी.

लॉनीचं पुढे काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. काही वर्षांनी तो डेथ स्टारची बातमी आणतो, अख्ख्या मालिकेतली सर्वांत मोलाची, आणि बदल्यात बायकोमुलीसाठी सुरक्षित जागा मागतो. ल्युथन त्याला बाकावरच संपवतो. त्याच भागात ल्युथनचा भूतकाळ दिसतो: तो साम्राज्याचा सार्जंट होता, बाहेर कत्तल चाललेली आणि हा यानात बसून ‘थांबवा हे’ म्हणून पुटपुटत होता. तिथे सापडलेल्या छोट्या क्लेयाला त्याने वाढवलं. तो पकडला जाण्याआधी स्वतःवर सुरा चालवतो, अर्धमेला इस्पितळात पोहोचतो आणि क्लेयाच येऊन त्याची यंत्रं बंद करते, कारण तो शुद्धीवर आला तर बोलेल. लॉनीला लावलेला नियम त्याला स्वतःलाही लागू झाला. इथे मात्र मी त्याला मानतो: यातून त्याने स्वतःला वगळलं नाही. मानणं वेगळं, माफ करणं वेगळं.

तेव्हा नायक की खलनायक? बंडाला त्याची गरज होती आणि ज्यांना गरज होती त्यांना तो नको होता. यॅव्हिनवर, बंडखोरांच्या तळावर, त्याची शेवटची बातमी पोहोचते तेव्हा मंडळातले बरेचजण विश्वास ठेवायला तयार नसतात, कारण ती ल्युथनकडून आलेली असते. त्याच्या बाजूने जीव तोडून बोलतो तो कॅसियन, ज्याने मालिकेच्या पहिल्याच भागात हात जोडणाऱ्या पहारेकऱ्याला गोळी घातली होती. बाकी स्वच्छ हातांचे लोक नियम सांगत बसतात. त्यांचे हात स्वच्छ का राहिले, याचं उत्तर त्यांच्यातल्या निदान मॉनला तरी माहीत असणार.

पुन्हा बघणार असाल तर पहिल्या सीझनचा दहावा भाग आणि दुसऱ्याचा दहावा भाग लागोपाठ लावा. ल्युथनकडे नको, दोन्ही वेळा लॉनीच्या चेहऱ्याकडे बघा. पहिल्यांदा तो प्रश्न विचारतो; दुसऱ्यांदा फक्त मुलीला आणि बायकोला कुठे नेणार एवढंच.