शॉक चुकतोय? पात्याखालचा भोवरा बघा

प्रश्न : हेलिकॉप्टरच्या रोटरभोवतीची हवा संगणकावर सोडवणं हा माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. पडताळणीसाठी कॅराडोना आणि टंग या संशोधकांचा १९८१ चा रोटरवरचा प्रयोग घेतलाय. पात्याच्या टोकाचा वेग माख ०.४३९ (ध्वनीच्या वेगाच्या ०.४३९ पट) असताना दाबाचे आलेख बऱ्यापैकी जुळतात, पण ०.८७७ ला शॉक (आघात-तरंग, जिथे हवेचा दाब एकदम उडी घेतो) जास्त तीव्र येतो आणि मागे सरकतो. पात्यालगतची जाळी (गणितासाठी हवेची पाडलेली छोटी घरं) दुप्पट बारीक करूनही फरक नाही. काय करू?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : पात्यालगतची जाळी आता तशीच राहू द्या. पात्याच्या खालची हवा बघा.

हा प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी देते, कारण त्यात लपायला जागा नाही. दोनच पाती, पीळ नाही, निमुळतेपणा नाही, छेद साधा नाका ००१२ (वर-खाली सारखा असलेला प्रमाणित आकार), त्रिज्या १.१४३ मीटर, रोटर एका जागी फिरतोय. तरीही प्रत्येक पातं अर्ध्या फेरीपूर्वी दुसऱ्याच्या टोकावरून सुटलेल्या भोवऱ्यावरून जातं. तोवर भोवरा थोडा खाली उतरून आत सरकलेला असतो. त्याच्या आतल्या अंगाला हवा खाली लोटली जाते, बाहेरच्या अंगाला वर. त्यामुळे पातं ८ अंशांवर बसवलेलं असलं, तरी हवेशी त्याचा कोन ८ अंश राहत नाही.

तुमच्या गणितात तो भोवरा वाटेतच विरत असणार, असा माझा दाट संशय आहे. मोठ्या घरांच्या जाळीत गणितच त्याला पुसून टाकतं. मग पात्याला कोन जास्त मिळतो. कमी वेगाला ही चूक झाकली जाते. ०.८७७ ला मात्र टोकाजवळ पात्याच्या वरच्या बाजूची हवा ध्वनीचा वेग ओलांडते, आणि कोन जरासा वाढला तरी शॉक मागे सरकतो.

पात्याची रुंदी १९ सेंटिमीटर. भोवऱ्याचा गाभा तिच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास धरा आणि त्यात आडवी निदान दहा-पंधरा घरं बसवा. एवढी बारीक जाळी सगळीकडे परवडणार नाही, पण तशी गरजही नाही. पात्याबरोबर फिरणाऱ्या चौकटीत भोवऱ्याचा मार्ग जवळजवळ स्थिर असतो, तेव्हा त्या मार्गापुरतीच जाळी बारीक करा. शिवाय दोन्ही पाती सारखी असल्याने अर्धाच भाग सोडवा, उरलेला आवर्ती सीमेवर (एका कडेची हवा दुसऱ्या कडेशी जोडणाऱ्या अटीवर) सोपवा. वाचलेली घरं भोवऱ्याला द्या.

कॅराडोना-टंग यांनी दाबाबरोबर भोवऱ्याचा मार्गही तप्त-तार उपकरणाने (तापवलेल्या तारेने हवेचा वेग टिपणाऱ्या) मोजला होता. बहुतेक विद्यार्थी तो आलेख उघडतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आधी तो जुळवा. अर्ध्या फेरीला भोवरा योग्य जागी आणि पुरेसा जोरकस आला, की मगच शॉककडे वळा. पुढे उडणारा रोटर या प्रकल्पात घेऊ नका. तिथे कोन प्रत्येक फेरीत बदलतो आणि पात्याची लवचिकताही मोजावी लागते.