मिंगस कुठून ऐकायला घ्यावा?

अरे, चार्ल्स मिंगस या अमेरिकन जॅझ बासवादकाच्या सगळ्या रेकॉर्डी एका दमात ऐकू नकोस, डोकं गरगरेल. १९५९ची ‘मिंगस आह अम’ घे आणि आठवडाभर तेवढीच ऐक. पहिल्यांदा सॅक्सोफोनच कानात भरतील. मग हेडफोन लावून फक्त बासच्या, म्हणजे त्या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याच्या, मागे जा, गाडी कोण हाकतंय ते कळेल.

त्यातलं ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग गेल्यावर त्याच्या आठवणीत केलेलं. ‘फेबल्स ऑफ फॉबस’ तिथे बिनशब्दांचं आहे. अमेरिकेतल्या लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना अडवणाऱ्या या फॉबस गव्हर्नरची टर मिंगसच्याच तोंडून ऐकायची, तर कॅन्डिड कंपनीचं १९६०चं ध्वनिमुद्रण शोध. मला तेच जास्त आवडतं.

तू बास शिकतोयस म्हणून सांगतो. मिंगस आधी ट्रॉम्बोन, मग चेलो वाजवायचा. बास नंतर आला. पुढे बँड चालवताना तो अनेकदा नोटेशनचा कागद न देता पियानोवर वाजवून, गाऊन दाखवून वादकांकडून चाली बसवून घ्यायचा. आपल्याकडच्या तालमीसारखंच की! तेव्हा तूही आधी ओळ गा, मग तारेला हात लाव. भर कार्यक्रमात वादकांना झापायची त्याची सवय मात्र उचलू नकोस.

आणि हो, १९७९मध्ये तो मेक्सिकोत वारला, पण त्याच्या अस्थी बायकोने आपल्या गंगेत सोडल्या.